विंचूदंश आणि मज्जासंस्थेवरील औषधे : सह्याद्रीच्या परिसरातील एका उपचाराचा इतिहास

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील डोंगराळ मुलूख होत. भोरहून वरंध घाटाने, किंवा वेल्ह्याकडील केळदजवळच्या मढे घाटाने खाली उतरले की महाडचा प्रदेश लागतो. घाटमाथा व कोकण यांची शासकीय विभागणी या कड्यावर झालेली असली, तरी लाल विंचवाचा आढळ दोन्ही बाजूंस आहे. सरपण उचलताना, पेंढा काढताना, अंधारात अनवाणी चालताना त्याचा दंश होतो. मोठा काळा विंचू दिसावयास भयंकर, परंतु त्याचे विष तुलनेने सौम्य. आकाराने लहान असलेला लाल विंचूच प्राणघातक ठरतो.

या विषाचे कार्य मुख्यतः मज्जातंतूंवर घडते. तंतूंच्या आवरणातील सोडियमचे मार्ग त्यामुळे वेळेवर मिटत नाहीत व संवेग अखंड वाहत राहतात. प्रथम परानुकंपी मज्जासंस्था चेतवली जाऊन वांत्या, घाम व लाळ सुटते. त्यापाठोपाठ अनुकंपी संस्थेचा उद्रेक होतो : रक्तदाब चढतो, नाडी जलद चालते, हातपाय गार पडतात आणि हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते. मृत्यू येतो तो बहुधा या अखेरच्या अवस्थेत. डॉ. मुंडले यांनी 1961 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विंचूदंशानंतरच्या या फुप्फुसविकाराकडे लक्ष वेधले होते.

तथापि विकाराचे स्वरूप नोंदले गेले म्हणून उपचार लगेच सुधारले असे नाही. त्या काळी हाताशी असलेली बहुतेक औषधे मज्जासंस्थेवरच कार्य करणारी होती, आणि प्रत्येकाच्या गुणाबरोबर एक दोषही येत असे. अॅट्रोपीनने घाम व लाळ थांबे. परंतु परानुकंपी संस्थेचा लगाम सुटल्यामुळे आधीच धावणारे हृदय अधिकच धावे. पेथिडीन, प्रोमेथाझीन व क्लोरप्रोमाझीन यांचे मिश्रण फ्रान्समध्ये आंरी लाबोरी यांच्या भूलशास्त्रीय प्रयोगांतून पुढे आले होते. तेही विंचूदंशावर दिले जाई. त्यातील क्लोरप्रोमाझीन रक्तवाहिन्यांचे आकुंचन काही अंशी रोखते, यामुळे त्याचा थोडा लाभ दिसणे शक्य होते. परंतु मिश्रणाने रुग्ण गुंगीत जाई, श्वसन मंदावे आणि स्वसंरक्षणाच्या प्रतिक्षिप्त क्रिया क्षीण होत. वेदना शमली म्हणून रुग्ण सुधारला, असा भ्रम होण्यास येथे पुरेसा अवकाश होता.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे 1976 साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांच्या कार्याचे महत्त्व प्रथम निरीक्षणात आहे. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब व लक्षणांचा क्रम त्यांनी टिपून ठेवला. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांवरील त्यांचा लेख लॅन्सेटमध्ये 1982 साली आला. या नोंदींतून रोगाचे मूळ अनुकंपी उद्रेकात आहे हे स्पष्ट झाल्यावर औषधाचा शोधही त्याच दिशेने वळला. रक्तदाबावर वापरात असलेले प्राझोसिन हे रक्तवाहिन्यांवरील आल्फा ग्राहींना अडवते. म्हणजे उद्रेक ज्या ठिकाणी अपाय करतो, नेमके तेथेच ते पोहोचते. त्याच्या उपयोगाचा वृत्तांत 1986 साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम भारतातील वृत्तांतांनुसार फुप्फुसविकारामुळे पूर्वी शेकडा 25 ते 30 रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण शेकडा 4 हून खाली आले.

प्राझोसिनही निर्दोष नाही. पहिल्या मात्रेनंतर रुग्ण एकदम उठून बसल्यास रक्तदाब कोसळून घेरी येते. म्हणून त्यास आडवे ठेवावे लागते, व लहान मुलास कडेवर उचलू नये असे सांगावे लागते. प्रौढास 500 व मुलास 250 मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय उबदार होईपर्यंत, अशी मात्रा योजली गेली. औषध गोळीच्या रूपात तोंडावाटे देता येत असल्याने ते लहान आरोग्य केंद्रातही वापरता येऊ लागले. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध घाटासारखे रस्ते वारंवार बंद पडतात. अशा मुलखात मोठ्या रुग्णालयाची वाट न पाहता उपचार सुरू होणे यावरच पुष्कळदा प्राण अवलंबून असतो.

विष शरीरात असेपर्यंत प्राझोसिन केवळ त्याचे परिणाम आवरते. विष निष्प्रभ करण्याचे काम प्रतिविषाचे. डॉ. बावस्कर व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 70 रुग्णांवर केलेली तुलना ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2011 साली आली. प्राझोसिनसह प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32 रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या 35 पैकी तेवढ्या वेळात 8. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना 2022 साली पद्मश्री देण्यात आली.

या इतिहासावरून एक गोष्ट निष्पन्न होते. औषधाचा गुण व दोष हे केवळ औषधात नसतात. ते दिले जाते त्या क्षणी शरीराची जी अवस्था असते, तीवरही ते अवलंबून असतात. अॅट्रोपीन व क्लोरप्रोमाझीन ही आपापल्या ठिकाणी मोलाची औषधे होत. विंचूदंशात ती अपुरी वा अपायकारक ठरली, कारण रोगाचा क्रम ध्यानी येण्यापूर्वीच ती योजली गेली. तो क्रम उलगडला तो मात्र घाटाखालच्या एका ग्रामीण आरोग्य केंद्रातील नोंदींतून.