शाळागृह आणि सृष्टीचें शिक्षण



महोत्सवाच्या पुस्तिकेंत देवालयाचा इतिहास सांगण्याची रीत आहे. परंतु आपल्या मुलांचा बहुतेक दिवस ज्या वास्तूंत जातो, त्या शाळागृहाचाही विचार आम्हांस येथें करावासा वाटतो.

पूर्वीं मराठवाड्यांतील घर गांवच्याच मातीचें व काळ्या दगडाचें असे. जाड भिंती व वर मातीचें माळवद, यांमुळें उन्हाळ्यांत आंत गारवा राही. पावसाळ्यापूर्वीं माळवदावर पुन्हां माती घालावी लागे, आणि त्या कामांत घरचीं मुलेंही हात लावीत. घर भूमीपासून मिळतें व त्याची निगा राखावी लागते, हें तीं अशा रीतीनें न सांगतां शिकत. पुढें पत्रा व सिमेंट आलें. दरसालची ती मेहनत वांचली, पण तो धडाही गेला.

तो धडा शाळेंत आणण्याचा मोठा यत्न वर्ध्याकडे झाला. 1936 सालीं गांधीजी शेगांवीं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामीं, राहावयास गेले. तेथील कुटी माती, बांबू व कौलें यांची. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजीं वर्ध्यास परिषद भरून 'नयी तालीम' पुढें आली. आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याच्या देखरेखीखालीं सेवाग्रामचीं मुलें सूत काढीत, बाग राखीत व सफाई करीत.

22 नोव्हेंबर 1991 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरणाचा विषय शिकविण्याविषयीं आदेश दिला. परंतु पुस्तकांत 'पाणी वांचवा' असें वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांदेखत छपराचें पाणी गटारांत जात असेल, तर तें पुस्तकाचें ऐकेल काय?

आमच्या जिल्ह्यांत हा प्रश्न जिवाचा आहे. 2012 च्या अवर्षणानें मोसंबीच्या बागा वाळल्या व लोक टँकरची वाट पाहत बसले. त्याच जिल्ह्यांतील कडवंची गांवानें मात्र 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांत बांधबंदिस्ती केली व पुढें शेततळीं खोदलीं. म्हणून तेथील द्राक्षबागा तगल्या. या कार्यक्रमामागें फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंचा पुढाकार होता.

जें गांवाच्या शिवारांत झालें, तें शाळेच्या छपरावरही होऊं शकतें. वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरिला, तर 100 चौरस मीटर छपरावर 70,000 लिटर पाणी पडतें; पांचवा हिस्सा वायां गेला तरी 56,000 लिटर उरतें. हा हिशेब शाळेंतील मुलांनाही करतां येईल.

तरी नुसती वास्तु शिकवीत नाहीं. जिची निगा मुलाच्या हातीं असते, तीच शिकविते. यास्तव महोत्सवानिमित्त शाळेसाठीं कांहीं बांधावयाचें झाल्यास प्रथम पन्हळ व टांकें बांधावें, खिडक्या समोरासमोर ठेवाव्या, पश्चिमेस लिंब लावावा; आणि टांक्याची पातळी रोज मोजून फळ्यावर लिहिण्याचें काम मुलांकडे सोंपवावें, अशी आमची आपणां सर्वांस नम्र विनंति आहे.