बिलगावची वीज : लोकसहभागाचे बळ आणि मर्यादा

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत वसलेले बिलगाव हे आदिवासींचे गाव. नर्मदेला मिळणारी उदई नदी येथे धबधब्याच्या रूपाने खाली झेपावते. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे उलटली, तरी गावाच्या नशिबी रॉकेलची चिमणीच होती. डोंगरउतारावर विखुरलेल्या पाड्यांपर्यंत तारा ओढण्याचा खर्च मोठा आणि विजेची मागणी मात्र थोडी. त्यामुळे अशी गावे नेहमीच यादीच्या तळाशी राहतात.

जानेवारी २००३ मध्ये हे चित्र पालटले. केरळमधील 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी' या संस्थेच्या तरुण अभियंत्यांनी आखणी केली, अनिवासी भारतीयांच्या 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' या संस्थेने साह्य दिले, नर्मदा बचाओ आंदोलनाने बळ दिले आणि ग्रामस्थांनी श्रमदान केले. त्यातून १५ किलोवॉट क्षमतेचा सूक्ष्म जलविद्युत प्रकल्प उभा राहिला.

अशा प्रकल्पाचे तंत्र सोपे असते. लहान बंधाऱ्याने अडवलेले पाणी चरातून टाकीत आणि तेथून नळाने खाली टर्बाइनवर सोडतात. टर्बाइन जनित्र फिरवते आणि पाणी पुन्हा नदीला मिळते. सेकंदाला शंभर लिटर पाणी दहा मीटर उंचीवरून पडले, तर साधारण पाच किलोवॉट वीज हाती लागते.

खरी कसोटी असते ती वीज सुरू झाल्यानंतर. कोणत्या घराला किती दिवे, वर्गणी किती, चरातला गाळ कोणी काढायचा, पाणी आटल्यावर कपात कोणी सोसायची, हे प्रश्न गावालाच सोडवावे लागतात. ज्यांनी स्वतः दगड वाहिलेले असतात, त्यांना हे नियम परके वाटत नाहीत. ठेकेदाराने उभारून दिलेले यंत्र मात्र पहिल्याच बिघाडानंतर धूळ खात पडण्याचा धोका असतो.

आशुतोष गोवारीकर यांच्या 'स्वदेस' (२००४) या चित्रपटात गावकऱ्यांनी वीज निर्माण केल्याचा जो प्रसंग आहे, त्यामागे बिलगावची प्रेरणा होती. कायद्यानेही या मार्गाला मान्यता दिली आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५ मध्ये ग्रामीण भागातील वितरणासाठी पंचायती, ग्राहक संघटना, सहकारी संस्था व स्वयंसेवी संस्थांचा उल्लेख आहे. राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण क्षेत्रात वीज निर्माण करून ती वितरित करण्यासाठी परवान्याचीही गरज नाही.

बिलगावचा उजेड मात्र अल्पायुषी ठरला. मार्च २००६ मध्ये सरदार सरोवर धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत वाढवण्यास मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात हा प्रकल्प पाण्याखाली गेला. एका नदीवर गावाने घामाने मिळवलेली वीज दुसऱ्या नदीवरील मोठ्या योजनेच्या फुगवट्यात बुडाली.

गावाचा सहभाग श्रमदानापुरताच मर्यादित राहिला आणि गावाच्या भवितव्याचे निर्णय अन्यत्रच होत राहिले, तर तो सहभाग अपुरा असतो. बिलगावच्या ग्रामस्थांनी वीज निर्माण करण्याची आपली क्षमता सिद्ध केली. ती राखण्याचा अधिकार मात्र त्यांच्या हाती नव्हता.