खोड, खोडा आणि तुरुंग

ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायची रीत आम्हा घनसावंगीकरांना नवी नाही. जनावर उधळू लागले की ओंडका पुढच्या पायांवर आपटतो आणि स्वारी मुकाट्याने थांबते. याला म्हणतात लोढणे. आमच्याच तालुक्यातल्या जांबचे नारायण ठोसर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच बोहल्यावरून पळाले, अशी आख्यायिका आहे. संसाराचे लोढणे त्यांनी गळ्यात पडूच दिले नाही, म्हणून तर १६०८ साली जन्मलेला तो मुलगा पुढे समर्थ रामदास झाला!

अशाच एका ओंडक्याने भाषांच्या मुलखात केवढी भ्रमंती केली आहे, ती आज सांगावीशी वाटते.

रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत ‘त्रुंकुस’ असा एक शब्द होता. छाटलेले, तोडलेले, असा त्याचा अर्थ. फांद्या छाटल्यावर उरते ते झाडाचे खोड आणि मस्तक व हातपाय वगळल्यावर उरते ते धड, या दोहोंना रोमन लोक हेच नाव देत. मठ्ठ माणसालाही ते त्रुंकुस म्हणत. आपण नाही का ‘ठोंब्या’ म्हणत?

लॅटिनच्या लेकींनी हे माहेरचे लेणे आपापल्या परीने घातले. इटालियन भाषेत ‘त्रोंकारे’ म्हणजे मधेच तोडणे. स्पॅनिश माणूस गाढ झोपला की ‘त्रोंको’सारखा, म्हणजे ओंडक्यासारखा झोपला म्हणतात. फ्रेंचांच्या चर्चमधील दानपेटी म्हणजे ‘त्रों’. खोड पोखरून पेटी करीत, त्याची ही खूण. इंग्रजांनी तर या एका शब्दावर सारा संसार थाटला. झाडाचे खोड ट्रंक, माणसाचे धड ट्रंक, प्रवासाची पेटी ट्रंक, हत्तीची सोंडही ट्रंकच. पोलिसाच्या हातातला दंडुका, ज्याला इंग्रज ‘ट्रंचन’ म्हणतात, तोही याच कुळातला.

आता पोर्तुगीजांकडे वळू. त्यांचा ‘त्रोंकु’ म्हणजेही खोडच. पण जुन्या काळी लाकडाच्या ओंडक्याला भोके पाडून त्यांत गुन्हेगाराचे पाय अडकवीत. त्या ओंडक्यालाही त्रोंकु म्हणू लागले. आणि पुढे जिथे माणसे अशी अडकवून ठेवीत, ती जागाही त्रोंकु झाली. १५१० साली गोवा आणि १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यांच्या राज्यातून हा शब्द मराठीत उतरला. आपल्या जिभेने त्यातले जोडाक्षर सोडवले, ‘क’चा ‘ग’ केला आणि झाला ‘तुरुंग’! चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, फिरंगी गेले. शब्द मात्र राहिला. मलयाळममध्ये तो ‘तुरुंकु’ आहे, मलायी भाषेत ‘तरुंकु’ आणि दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत ‘ट्रोंक’. जिथे जिथे त्यांची गलबते लागली, तिथे तिथे हा ओंडका उतरला म्हणायचा.

पुढे तोच लॅटिन शब्द इंग्रजांच्या हातून आपल्याकडे दुसऱ्यांदा आला. घरोघरी खाटेखाली असणारी लोखंडी ट्रंक आणि तुरुंग ही सख्खी चुलत भावंडे आहेत!

पण मला खरे नवल वाटते ते पुढेच. झाडाचे ते ‘खोड’ आणि कैद्याचे पाय अडकवण्याचा तो ‘खोडा’, ही जोडी मराठीत आपली आपणच जुळली आहे. ती शिकवायला कोणी रोमन आला नव्हता, कोणी पोर्तुगीज आला नव्हता. माणसाला जखडण्याची बुद्धी सगळीकडे सारखीच, आणि तिला सुचणारे लाकूडही तेच!

ज्यांनी आपल्याला हा शब्द दिला, त्यांचेच तुरुंग मराठी माणसाला विसाव्या शतकातही पाहावे लागले. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या अमलातून मोकळा झाला; तोवर स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद संस्थानच्या बंदिवासात होते. गोव्याला आणखी तेरा वर्षे थांबावे लागले. १९५५ साली ना. ग. गोरे सत्याग्रही म्हणून गोव्यात शिरले आणि १९५७ पर्यंत कैदेत राहिले. सांगलीच्या मोहन रानड्यांची कथा तर काळीज पिळवटणारी आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पण रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातून सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये! ज्या भूमीसाठी ते लढले, ती त्यांच्याआधी सात वर्षे मोकळी झाली होती.

आज लिस्बनमधला माणूस तुरुंगाला ‘कादैया’ म्हणतो. त्याचे मूळही लॅटिनच. तिथे त्याचा अर्थ साखळी. त्याच्या रोजच्या बोलण्यात त्रोंकु पुन्हा झाडाचे साधे खोड झाला आहे. म्हणजे शब्द देणाऱ्यांच्या लेखी त्या लाकडाला पुन्हा पालवी फुटली, आणि त्याच्यात अडकलेले पाय आपल्या शब्दाने तेवढे लक्षात ठेवले.