काचमण्यांचे वय

जुन्या पांढरीवर नांगर फिरला अथवा वळिवाची जोराची सर येऊन गेली की तांबड्या, निळ्या, पिवळ्या काचेचे बारीक मणी वर येतात. सापडणारा ते दोऱ्यात ओवतो आणि त्याच क्षणी त्यांची जन्मकथा निम्मी पुसली जाते. कारण मण्याचे वय त्याच्या रंगापेक्षा त्याच्या जागेवरून अधिक कळते.

गोंदिया हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निघालेला जिल्हा. त्याच्या प्राचीन वस्तीचा विचार करणाऱ्यास मातृजिल्ह्यातील वैनगंगाकाठचे पवनी टाळता येत नाही. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी १९६९-७० साली तेथे उत्खनन करून बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आणले. अशा ठिकाणी थर हेच पंचांग होय. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत हसमुख सांकळिया व मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये खणले, तेव्हा सातवाहनांची वस्ती खाली व बहामनी काळाची वर, असा क्रम लागला. पुढे दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहासच लिहिला.

थराची साक्षही सावधपणे घ्यावी लागते. आजीच्या गळ्यातील मणी नातीच्या काळात मातीत पडतो. म्हणून थर एवढेच सांगतो, की मणी त्याच्यानंतरचा नव्हे. तोही उंदराच्या बिळाने वा नंतरच्या खड्ड्याने थर बिघडवला नसेल तर!

मग भिंग हाती घ्यावे. वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे पाडले असतील, तर आतील बुडबुडे व रेषा भोकाला समांतर धावतात. लोखंडी सळईवर काच गुंडाळली असेल, तर त्या भोकाभोवती फिरतात. ओढीव मण्यांचे कसब पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूहून आग्नेय आशियापर्यंत पोचले. परंतु ही रीत शतकानुशतके चालू राहिली, तेव्हा केवळ घडणीवरून शतक सांगणे धाडसाचे.

उरलेले काम रसायन करते. रोमन काच बहुधा नेट्रॉन क्षाराची व अल्युमिना कमी असलेली. खनिज सोड्याच्या पुष्कळशा भारतीय काचेत अल्युमिना भरपूर. अतिनील प्रकाशात युरेनियमची हिरवी चमक दिसली, तर तो मणी सातवाहनांचा असण्याचा प्रश्नच मिटतो. युरेनियम-काच १८३० नंतर बोहेमियात प्रचारात आली.

म्हणून मणी दिसताच तो उचलण्यापूर्वी जागा, खोली आणि शेजारचे खापर यांची नोंद व्हावी. धुण्याची घाई तर मुळीच नको. भोकात अडकलेली मातीही साक्षीदार असते.