पाट, पाणी पाजणारा आणि खोडदची दुर्बीण



चंदगडला ताम्रपर्णीच्या काठी उसाला दारं धरणारा माणूस तुम्ही पाहिलाच असेल. एका वाफ्याचं दार मोडायचं, वाफा भरला की बांधायचं, मग पुढचा वाफा. माणूस एक, वाफे अनेक. काम सावकाश होतं; पण उद्या निराळा क्रम सांगा, तो तसंही करील. याउलट सिमेंटचा पक्का पाट. पाणी सुसाट जातं, पण वळण चुकलं तर फोडण्यावाचून उपाय नाही. तिसरी तऱ्हा दांडांच्या जाळ्याची. कोणतं दार उघडं, कोणतं बंद हे एकदा ठरवलं की सगळ्या वाफ्यांना एकदम पाणी. आणि पुढच्या हंगामाला दारं बदलली की त्याच रानात नवी मांडणी.

यंत्राच्या पोटात बसवायच्या चिपांच्याही अशाच तीन जाती आहेत. सांगितलेल्या क्रमानं एकामागून एक काम करणारा तो प्रोसेसर. एकाच चिपवर मावलेला इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर १९७१ साली बाजारात आला. एकाच कामासाठी घडवलेली चिप म्हणजे पक्का पाट. आणि दांडांचं जाळं म्हणजे एफपीजीए, अर्थात फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अ‍ॅरे. यातल्या ‘गेट’चा अर्थ दारच! हिची मांडणी कारखान्यात कायमची होत नाही, वापरणारा आपल्या जागी ती ठरवतो. झायलिंक्स कंपनीनं अशी पहिली चिप १९८५ साली आणली.

आता यांतली कोणती घ्यावी? हा प्रश्न आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या माळावर तीन वेळा सोडवावा लागला. तिथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. तुमच्या रेडिओसारखीच ही दुर्बीण लहरी ऐकते. फक्त त्या ताऱ्यांकडून आणि आकाशगंगांकडून आलेल्या असतात. २००१ साली ती राष्ट्राला अर्पण झाली.

एकच लहर निरनिराळ्या अँटेनांवर किंचित पुढेमागे पोचते. म्हणून प्रत्येक अँटेनाचा संदेश इतर प्रत्येकीशी ताडून पाहावा लागतो. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५, आणि ही ताडणी लहरी येत असतानाच चालू ठेवायची! १९९०च्या दशकात साध्या प्रोसेसरला हा भार झेपणारा नव्हता. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेनं घडवलेल्या खास चिपा वापरल्या. पक्का पाट झाला. त्या काळी ती निवड योग्यच होती, आणि त्या यंत्रानं वर्षानुवर्षं चोख काम केलं.

पण शास्त्रज्ञांचे प्रश्न पुढे गेले, चिपा मात्र होत्या तिथेच राहिल्या. शिवाय आकाशातला काही क्षणांचा संदेश निसटला तर तो मागून आणता येत नाही. मग पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या मंडळींनी बाजारात मिळणारे संगणक जोडून तेच काम प्रोग्रॅमवर चालवलं; त्याचं वर्णन २०१० साली प्रसिद्ध झालं. आता मूळ लहरींची नोंद ठेवून नंतर सावकाश तपासता येऊ लागली, आणि नवी रीत हवी असेल तर प्रोग्रॅम बदलला की झालं.

तिसरी पाळी दुर्बीण सुधारताना आली. जुनी लहरपट्टी ३२ मेगाहर्ट्‌झ रुंद होती. ती ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत न्यायची होती. म्हणजे दर सेकंदाला ८० कोटी मापं, प्रत्येक अँटेनाचे दोन प्रवाह, एकूण ६० प्रवाह. गुणाकार करून पाहा: सेकंदाला ४८०० कोटी मापं! हा लोंढा संगणकाच्या दारात आहे तसा सोडणं शक्य नव्हतं. म्हणून तोंडाशी एफपीजीए बसवल्या. त्यांनी लोंढा झेलायचा, त्याचे नेमके तुकडे करायचे आणि वाटून द्यायचे. पुढची ताडणी जीपीयूंकडे, म्हणजे मुळात पडद्यावरची चित्रं रंगवण्यासाठी निघालेल्या, शेकडो हातांनी एकदम काम करणाऱ्या प्रोसेसरांकडे दिली.

सगळंच काम एफपीजीएवर का टाकलं नाही, असं कुणी विचारील. दांडांची मांडणी बदलता येते खरी, पण ती नीट बसवायला वेळ फार लागतो; प्रोग्रॅम त्या मानानं लवकर बदलतो. जे काम ठरलेलं आणि घाईचं, ते दांडांकडे. ज्यात नवे विचार येत राहणार, ते पाणी पाजणाऱ्याकडे. आणि पाणी पाजणाराही एकटा ठेवला नाही, त्याची टोळीच उभी केली.

शिक्षकहो, ही निवड वर्गात फळ्यावर सहज मांडता येईल. तीन वाफे काढा आणि मुलांना एवढंच विचारा, ‘पुढच्या वर्षी यातलं काय बदलावं लागेल?’ चंदगडच्या शेतकऱ्याचं पोर त्याचं उत्तर पटकन देईल. पाट बांधण्याआधी त्याच्या घरात हाच प्रश्न विचारला जातो.