सुडाचा चित्रपट आणि वारल्यांचा उठाव

अन्यायानें पिचलेला मनुष्य अखेर शस्त्र उचलतो आणि सूड घेतो, ही कथा प्रेक्षकांस फार प्रिय आहे. तिचें बळ कोणतें व उणीव कोणती हें ठरवावयाचें, तर तिला इतिहासाची कसोटी लाविली पाहिजे. त्यासाठीं आम्ही श्याम बेनेगल यांचा १९७५ सालचा ‘निशांत’ हा हिंदी चित्रपट घेतों. कथा विजय तेंडुलकरांची. काळ १९४५ चा. त्याच सालीं डहाणू-तलासरीच्या मुलखांत वारली जागे झाले होते.

‘निशांत’मध्यें जमीनदाराचे भाऊ शाळामास्तराच्या बायकोला गांवादेखत पळवून नेतात. मास्तर पोलिसांकडे जातो, कलेक्टराकडे जातो. दाद कोठेंच लागत नाहीं. शेवटीं तो व देवळाचा पुजारी गांवाला चेतवितात आणि उत्सवाच्या दिवशीं जमाव वाड्यावर तुटून पडतो. या चित्रपटाचा मोठा गुण असा, कीं तो सुडाची आरती ओवाळीत नाहीं. वाड्यांतील निरपराध सून मारली जाते. जिच्यासाठीं हें सारें घडलें ती सुशीलाही वांचत नाहीं.

उणीव दुसरीकडे आहे. गांवकरी आरंभीं मुके असतात आणि अखेरीस उन्मत्त होतात. या दोहोंच्या मधें माणूस विचार करूं लागतो, ती अवस्था आपणांस दिसतच नाहीं.

वारल्यांचा इतिहास नेमका त्या अवस्थेचा आहे. लग्नासाठीं कर्ज काढलें, कीं नवराबायको सावकाराचे ‘लग्नगडी’ होत आणि जन्मभर राबत. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्याच्या किसान परिषदेस कांहीं वारली गेले. पुढें २३ मे रोजीं, तेव्हां उंबरगांव तालुक्यांत असलेल्या झरी गांवीं, गोदावरी व शामराव परुळेकर यांच्यासह पांच हजारांवर आदिवासी जमले. ठरलें तें असें: वेठ करावयाची नाहीं, रोज बारा आणे मिळाल्यावांचून मालकाच्या शेतावर राबावयाचें नाहीं. कोणाचें डोकें मागितलें नाहीं, मजुरी मागितली. पाठोपाठ लग्नगडी सुटूं लागले.

१० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें पोलिसांनीं जमावावर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड व आणखी चौघे ठार झाले. सुडास याहून मोठें निमित्त कोणतें हवें होतें? तरीही गवतकापणीचा संप चालूच राहिला आणि अखेर मालकांना दर वाढवून द्यावा लागला.

कोणी म्हणेल, परुळेकरही मास्तराप्रमाणें बाहेरचेच. खरें आहे. परंतु मास्तरानें गांवाला आपलें दुःख दिलें. परुळेकरांनीं वारल्यांचें दुःख वारल्यांच्याच तोंडून वदविलें. गोदावरीबाईंचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें १९७० सालचें पुस्तक त्याची साक्ष देतें.

‘निशांत’ संपतो तेव्हां वाड्यांतलीं माणसें मेलेलीं असतात. पण कुळांचें कर्ज, मजुरीचा दर, उद्यांची पेरणी यांविषयीं कांहींच ठरलेलें नसतें. झरीस आरंभ झाला तो या प्रश्नांपासून.