दुसऱ्या मतपत्रिकेचा प्रश्न

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचाच नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिका कोरीच त्यात टाकायची. निरक्षरालाही सोपं.

पण काही मतदारसंघ दोन जागांचे होते, एक सर्वसाधारण, एक राखीव. तिथे मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. मग दुसरी कुणालाच न देता वाया घालवायची, याला लोक ‘मत कुजवणं’ म्हणत.

१९५२ मध्ये उत्तर मुंबईत बाबासाहेब आंबेडकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. ७४ हजारांवर मतपत्रिका बाद झाल्या, अशी तक्रार त्यांनी आणि अशोक मेहतांनी याचिकेत केली. निकाल बदलला नाही.

१९५४ मध्ये आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली. दुसरं मत कुजवा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह. बाबासाहेबांनी तो मानला नाही. सर्वसाधारण जागेवर मेहता निवडून आले, राखीव जागेवर बाबासाहेब हरले.

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. प्रश्न मात्र उरलाच: नियमाची पळवाट दिसत असताना, हरण्याची तयारी ठेवून नियम पाळणारे आपल्यात किती?